गुरुवारचा अंगठा

रुचिराने सकाळच्या सभेच्या हजेरी-रजिस्टरचं पान उलटलं आणि तिचा हात तिथेच थांबला. गुरुवारच्या पानावर, अकराव्या ओळीत, कामाक्षीचा अंगठा होता. निळा, जरासा डावीकडे कललेला, एका कडेला शाई फुटलेली.

आज बुधवार होता. रस्त्याकडेला झेंडा दाखवून गाड्या थोपवणारी कामाक्षी काल सकाळी नऊपासून सरकारी इस्पितळात पडून होती. डाव्या मांडीचं हाड मोडलं होतं आणि पायाला वजन टांगलेलं होतं.

रुचिराने शुक्रवारचं पान पाहिलं. तिथेही अंगठा होता. शनिवारच्या पानावरही.

"मंगळवारचं पान मिळालं?" टेबलापलीकडून वेंकटने विचारलं. तो या रस्त्याच्या कामाचा प्रोजेक्ट मॅनेजर. त्याच्या कानाला फोन होता आणि दुसरा फोन टेबलावर थरथरत होता. रुचिराशी तो हिंदीत बोलायचा. नोकरीची पहिली सहा वर्षं नागपुरात काढल्यामुळे त्याची हिंदी बरी होती.

"मिळालं."

"त्याची प्रत काढ. रिपोर्टला जोड."

चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या त्या रस्त्याकडेला, लोखंडी कंटेनरात थाटलेल्या ऑफिसात पंखा फिरत होता तरी कागद अंगाला चिकटत होते. अपघाताचा रिपोर्ट वेंकटनेच लिहून ठेवला होता. रुचिराची फक्त सही हवी होती, सेफ्टी ऑफिसर म्हणून. त्यात एक ओळ होती : सकाळच्या सभेत स्पष्ट सूचना देऊनही कामगार कोनच्या रांगेबाहेर उभी राहिली. कोन म्हणजे काम आणि वाहतूक यांच्यामध्ये मांडलेले प्लास्टिकचे शंकू.

सूचना दिली होती हे खरं होतं. ती रुचिरानेच दिली होती. रोज सकाळी सात वाजता, काम सुरू होण्याआधी, बत्तीस माणसं हेल्मेट घालून अर्धवर्तुळात उभी राहत. रुचिरा हातातला कागद हिंदीत वाचे आणि सुपरवायझर नागोजीराव त्याचं तमिळ करत. मंगळवारचा विषय होता, कोनच्या आत राहा. आठ ओळींचा कागद नागोजीरावांनी दोन वाक्यांत संपवला होता आणि माणसं पांगली होती. एकूण चार मिनिटं.

अंगठे आणि सह्याही आधी रोजच्या रोज होत. मग काम मागे पडू लागलं, वरून फोन येऊ लागले. जूनमध्ये एका सोमवारी रुचिराने पाहिलं, की नागोजीराव शाईचं पॅड घेऊन बसलेत आणि प्रत्येकाकडून एकदम सहा पानांवर अंगठा घेतायत. तिने ते पाहिलं होतं. आणि मग खाली वाकून स्वतःच्या बुटाची नाडी बांधली होती.

"वेंकट सर, कामाक्षीचा अंगठा उद्याच्या पानावरपण आहे."

त्याने फोन खाली ठेवला. तो वाईट माणूस नव्हता. काल रुग्णवाहिकेत कामाक्षीबरोबर तोच बसला होता. त्याच्या शर्टाच्या बाहीवरचा डाग धुऊनही गेला नव्हता, आणि तोच शर्ट त्याने आजही घातला होता.

"उद्याचं पान कुणी मागितलेलं नाही," तो म्हणाला. "तिचा जबाब घेऊन ये. राव सारना बरोबर ने, तुझं तमिळ…" वाक्य त्याने अर्धं सोडलं. "उद्या संध्याकाळपर्यंत रिपोर्ट गेला पाहिजे."

नागोजीराव बाहेर कडुनिंबाखाली उभे होते. वय सत्तावन्न, ताठ पाठ, कपाळावर गंधाची बारीक रेघ. घराणं तंजावरचं. तिथल्या गल्लीतली मराठी घरं एकेक करून चेन्नईला आली, तसे त्यांचे वडीलही आले. साइटवर सगळे त्यांना राव सार म्हणत. रुचिरा बार्शीहून इथे आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही मराठी कीं?" त्यांची मराठी तिला जुन्या पत्रांतल्यासारखी वाटली होती, तमिळ हेल असलेली. त्या दिवसापासून ती त्यांना काका म्हणू लागली. दीड वर्षात या शहरात तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारे ते एकटेच होते.

"इस्पितळांत जाऊं कीं?" त्यांनी विचारलं. हातात मोसंब्यांची पिशवी तयारच होती.

वॉर्डमध्ये चार वाजता लोकांना आत सोडत. कामाक्षी खिडकीजवळच्या खाटेवर होती. कुणीतरी तिचे केस विंचरून घट्ट वेणी घातली होती. रुचिराला पाहून तिने उठायचा प्रयत्न केला आणि वजनाची दोरी हलली.

"पडून राहा, अक्का," रुचिरा म्हणाली. एवढं तमिळ तिला येत होतं.

नागोजीरावांनी मोसंबी खाटेशेजारच्या कपाटावर ठेवली आणि ते पायांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. रुचिराने वही उघडली. कुठे उभी होतीस, कुठून गाडी आली, हातात झेंडा होता का. ती विचारी, ते तमिळमध्ये सांगत, कामाक्षी उत्तर देई, ते मराठीत आणत. गाडी पाण्याची लॉरी होती. आरसा खांद्याला लागला, ती फिरली आणि पडली, मग चाक. एवढं ती सलग बोलली. मग रुचिराने विचारलं, "तू कोनच्या बाहेर का गेलीस?"

नागोजीरावांनी प्रश्न सांगितला. कामाक्षीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग छताकडे. सावकाश बोलली. सकाळी कोन झाडाच्या रेषेत होते. चहा पिऊन परत आले तेव्हा ते आत आलेले दिसले. मी रोजच्याच जागी उभी राहिले.

"काय म्हणाली?"

"आठवण नाहीं म्हणते," नागोजीराव म्हणाले.

रुचिराची पेन्सिल वहीवर टेकलेली होती. झाडाला तमिळमध्ये काय म्हणतात, आत कशाला म्हणतात, हे दीड वर्षात कानांवर पडून पडून तिला कळू लागलं होतं. तिने नागोजीरावांकडे न बघता स्वतःच मोडक्या तमिळमध्ये विचारलं, "कोन हलले हे कुणाला सांगितलं का नाहीस, अक्का?"

कामाक्षी गोंधळली. तिला तो प्रश्न खरोखरच कळेना. कधी सांगायचं?

"कालैयिल नींगदाने पेसुवींग," ती म्हणाली. सकाळी तुम्हीच तर बोलता.

त्यात कसलाही राग नव्हता. सूर्य पूर्वेला उगवतो, तसं तिने सांगितलं. नागोजीरावांनी याचं भाषांतर केलं नाही आणि रुचिराने मागितलंही नाही.

बसथांब्यावर दोघं उभे होते. दोन बस सोडून दिल्या. नागोजीराव रुमालाने मान पुसत राहिले. ते काहीतरी बोलतील म्हणून रुचिरा वाट बघत होती. तिसरी बस आली तेव्हा ते म्हणाले, "उद्यां सातला," आणि चढले.

त्या संध्याकाळी रुचिराने घरमालकीणबाईंना दोन वाक्यांचं तमिळ विचारलं आणि त्यांच्यासमोर ती वाक्यं दहा वेळा म्हणून दाखवली. बाईंना वाटलं, मुलीला रस्त्यात कुणी त्रास देतंय.

गुरुवारी सकाळी तिने जुनं रजिस्टर कपाटात ठेवलं आणि कोरी वही आणली. बत्तीसच्या जागी एकतीस माणसं अर्धवर्तुळात उभी राहिली. तिने कागद काढला नाही. घसा साफ करून ती म्हणाली, "इंगे एंग बयमा इरुक्कु?"

इथे कुठे भीती वाटते?

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. बाकीच्यांनी नागोजीरावांकडे पाहिलं, कारण आता ते समजावून सांगतील. नागोजीराव गप्प होते. रोलर चालवणारा रघुराम हेल्मेटचा पट्टा सोडत होता, परत लावत होता. सरोजा, जी आता कामाक्षीचा लाल-हिरवा झेंडा घेऊन उभी राहणार होती, तिने साडीवरचं चमकतं जाकीट नीट केलं. दोन मिनिटं गेली.

"उद्या परत विचारीन," ती म्हणाली. हे दुसरं वाक्य होतं.

संध्याकाळी तिने वेंकटला सांगितलं, की जबाब अपुरा आहे, सही करता येणार नाही. तो चिडला, पण आवाज चढवला नाही. "सोमवार," तो म्हणाला. "त्यापुढे माझ्या हातात नाही."

शुक्रवारी तोच प्रश्न. पुन्हा सगळ्यांनी नागोजीरावांकडे पाहिलं. मग सरोजाने, जणू स्वतःशीच, म्हटलं, की गटाराच्या खड्ड्यावरची ती लोखंडी प्लेट डुगडुगते. माल डोक्यावर घेऊन तीवरून जाताना भीती वाटते.

"किती दिवस?" रुचिराने विचारलं.

"तीन आठवडे."

रुचिरा तिथूनच प्लेटकडे चालत गेली. तीवर उभी राहिली. प्लेट एका बाजूने उचलली गेली आणि खालचं काळं पाणी दिसलं. ती परत आली आणि म्हणाली, की प्लेट नीट होईपर्यंत त्या बाजूचं काम नाही. माणसं जागची हलली नाहीत. त्यांना वाटलं, काहीतरी ऐकण्यात चूक झाली. मग नागोजीराव काही न बोलता गोडाऊनकडे गेले आणि लाकडी पाचरी घेऊन आले. गुडघ्यावर बसून त्यांनी स्वतः त्या ठोकल्या. सरोजा दोनदा प्लेटवरून चालून गेली, मग मान हलवली. काम पस्तीस मिनिटं उशिरा सुरू झालं.

शनिवारी रुचिराला प्रश्न पूर्ण विचारावाच लागला नाही. रघुराम म्हणाला, रोलर मागे घेताना वाजायचा भोंगा बारा दिवस बंद आहे. बायका म्हणाल्या, पिण्याच्या पाण्याचा पिंप रस्त्यापलीकडे आहे, दिवसातून दहा वेळा ओलांडावं लागतं. एक जण म्हणाला, हेल्मेट डोळ्यांवर येतं, म्हणून तो वाकताना ते काढतो. कुणी बोलू लागलं की दुसरा मध्येच त्याला दुरुस्त करे. रुचिरा लिहून घेत होती आणि न कळलेले शब्द रघुरामला विचारत होती. तो हिंदी सिनेमे बघायचा, त्याला थोडं यायचं. नागोजीराव टोकाला उभे होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

पिंप दुपारपर्यंत अलीकडे आला. नवा भोंगा सोमवारी सकाळी बसवला.

त्या सोमवारी सातला माणसं आपणहून जवळ येऊन उभी राहिली. ढग होते, दलदलीच्या बाजूने वास येत होता. सरोजाने झेंडा काखेत धरला होता. तिचं वय पन्नाशीचं. ती कामाक्षीच्या शेजारच्या घरात राहायची आणि गेले सहा दिवस कामाक्षीच्या मुलींना तिच्याच घरी जेवायला वाढत होती.

"मला एक विचारायचंय," ती म्हणाली. ती रुचिराकडे बघत नव्हती आणि नागोजीरावांकडेही नाही. समोरच्या रस्त्याकडे बघत होती. "मी आता त्या जागेवर उभी राहते. कोन कधी हलणार, ते मला आधी कळेल का?"

पलीकडून ऑफिसची पहिली बस गेली.

नागोजीरावांनी हेल्मेट काढलं. त्यांचे केस घामाने चपटे झाले होते. ते तमिळमध्ये बोलू लागले, हळू, शब्द मोजल्यासारखे.

मंगळवारी साडेआठला वरून दोनदा फोन आला, ते म्हणाले. गाड्यांची रांग सिग्नलपर्यंत गेली होती. गाड्यांना वाट व्हावी म्हणून मी अकरा कोन दोन हात आत घेतले. याआधीही घेतलेत, दहा वाजता परत लावायचे, कधी काही झालं नाही. झेंडेवालीला सांगायचं माझ्या लक्षात आलं नाही. कामाक्षी बाहेर गेली नाही. ती होती तिथेच होती. कोनची रांग मागे आली.

मग ते रुचिराकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "हें लिहा."

"काका," ती म्हणाली, "याचं काय होईल ते तुम्हाला…"

"कळतें. लिहा. आणि दवाखान्यांत मी तुम्हांस खोटें सांगटलों. तुम्हांस तें तेव्हांच कळलें होतें न्हवें?"

"हो."

"मग कां नाहीं विचारलांत?"

तिने वहीकडे पाहिलं. "तुम्ही सांगाल, असं वाटत होतं."

त्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळलं नाही.

रुचिराने लिहिलं. मग तिला वाटलं, एवढ्यावर थांबणं बरोबर नाही. तिने रघुरामला जवळ बोलावलं आणि त्याच्या मदतीने सगळ्यांना सांगितलं, की एका दिवशी सहा दिवसांचे अंगठे घेतले जातात हे मला माहीत होतं. मी पाहिलं होतं आणि गप्प बसले. कामाक्षीचा अंगठा ती इस्पितळात असतानाच्या पानांवर आहे. ही चूक रावसारांची एकट्यांची नाही. रघुरामने ते तमिळमध्ये सांगितलं. सांगताना तो दोनदा अडखळला. माणसं पायांकडे बघत होती, जसं घरातल्या मोठ्यांचं भांडण ऐकताना मुलं बघतात.

सरोजाच पहिल्यांदा हलली. झेंडा तिने दुसऱ्या हातात घेतला आणि रस्त्याच्या कडेला चालत गेली. झाडाच्या रेषेत उभी राहिली, मागे पाहिलं, एक पाऊल आत आली, पुन्हा पाहिलं. नागोजीरावांनी तिच्यामागे जाऊन तिने दाखवलेल्या ठिकाणी कोन ठेवला. मग दुसरा. मग पुढचे.

वेंकटने नवा रिपोर्ट दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्याने चष्मा काढून डोळे चोळले.

"ते फोन कुणी केले होते, ते यात नाही," तो म्हणाला.

"रावकाकांनी नाव सांगितलं नाही."

"मी केले होते." तो खिडकीबाहेर बघत होता. "मलाही वरून येत होते." त्याने पेन उघडलं आणि त्या ओळीत स्वतःच्या हाताने दोन शब्द घातले. मग कागद पाकिटात टाकला, पुन्हा विचार बदलायच्या आत टाकावा तसा.

पुढे जे व्हायचं ते झालं. कामाक्षीचा दोष नाही, असं लेखी आलं. रुचिराला ताकीद मिळाली, आणि वेंकटलाही, तिच्याहून कडक. नागोजीरावांची बदली तांबरमच्या सामानाच्या यार्डात झाली. तिथे रस्ता नव्हता, माणसंही नव्हती, फक्त पाइप आणि सिमेंटची पोती. निवृत्तीला अडीच वर्षं होती. ते म्हणाले, तांबरमला घरापासून थेट बस आहे, सोयीचंच झालं.

जायच्या आदल्या दिवशी ते रुचिराला म्हणाले, "इस्पितळांत जाऊं. तिजला मी अजून सांगटलों नाहीं."

कामाक्षीच्या पायात सळई घातली होती. वजन निघालं होतं आणि ती उशीला टेकून बसली होती. नागोजीराव या वेळी पायांकडे उभे राहिले नाहीत. ते तिच्या डोक्याशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. फोन, अकरा कोन, दोन हात. सांगून झाल्यावर हातांचं काय करावं ते त्यांना कळेना.

कामाक्षीने ऐकून घेतलं.

"मला माहीत होतं, सार," ती म्हणाली. "मी चहाच्या टपरीवरून बघत होते. तुम्हीच उचलत होतात."

नागोजीरावांनी खाटेची कड धरली.

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंस?" रुचिराने विचारलं.

"सार समोर उभे होते." ती जराशी हसली, पण ते हसू लगेच गेलं. "आणि बघूनही मी जुन्याच जागी जाऊन उभी राहिले. रोज उठताबसता हाच विचार करते. पाऊलभर मागे गेले असते तर." तिने चादर गुडघ्यावर नीट केली. मग सरळ नागोजीरावांकडे पाहिलं. "पण तुम्ही सांगायला हवं होतंत."

"हो," ते म्हणाले.

शेजारच्या खाटेवरची म्हातारी त्यांच्याकडे उघड उघड बघत होती.

"आता तिथे कोण उभं राहतं?" कामाक्षीने विचारलं.

"सरोजा."

"सरोजा अक्का वळणाकडे पाठ करते. तिला ऊन सोसत नाही." कामाक्षी सरळ बसली, दुखलं तेव्हा दात आवळले आणि तशीच पुढे बोलली. "तिला सांगा, पाण्याच्या लॉऱ्या वळणावर वेग कमी करत नाहीत. बस करतात, लॉरी करत नाही. तोंड तिकडे पाहिजे. आणि झेंडा खांद्याच्या वर."

रुचिराने पिशवीतून वही काढली.

"लिहिताय?" कामाक्षीने विचारलं.

"उद्या सकाळी वाचायला."

कामाक्षीने वहीकडे पाहिलं, मग त्या दोघांकडे. खाटेखालचं स्टूल दाखवायला तिने हात खाली केला.

"मग बसा," ती म्हणाली. "बरंच आहे."